रकाना सात

तारामुंबरीच्या धक्क्यावर, जाळ्यांच्या ढिगाला टेकून
मी नकाशा उलगडला.
वाऱ्याने उडू नये म्हणून गुणाजी तांडेलांनी
चार कोपऱ्यांवर शिशाच्या चार गोळ्या ठेवल्या,
जाळ्यातल्याच, मिठाने पांढऱ्या पडलेल्या.

नकाशाही पांढराच.
मध्येच तपकिरी ठिपके, एका ओळीत,
सुकतीला वर येतात तसे.

"ही डोंगरांची रांग," मी म्हणालो, "पार दक्षिण टोकाची.
गळ्यापर्यंत बर्फात बुडालेली.
दिसतात ती फक्त टोकं."
"मगे डोंगर कित्याक म्हणतंस? खडपां ती."

दोन महिने मी त्या खडपांची उंची मोजली होती.
शाई गोठायची म्हणून पेन्सिलीने.
चष्म्याच्या दांडीला चिकटून कानामागची कातडी निघाली.
आणि त्यांना काय म्हणायचं ते मला कळलं
घरापासून पाऊण मैलावर.

मग नावं वाचून दाखवली.
हे शिखर एका राणीचं, तिने कधीच न पाहिलेलं.
हे जहाजाला पैसे पुरवणाऱ्या सावकाराचं.
हे विमानातून ओझरतं दिसलं,
म्हणून कुणाच्या तरी मेव्हण्याचं.
गुणाजींनी विडी विझवली.
"हेच्यावर कोणाची होडी फुटली?"
कुणाचीच नाही.
"कालवां तरी कोणी काढल्यान?"
नाही.
"मगे नाव पडलां कसां?"

आमच्याकडे नाव पडायला आधी काहीतरी पडावं लागतं:
डोलकाठी, पैज, निदान एक दात.
गुणाजी बोटाने हवेतच दाखवत गेले, बंदराच्या तोंडापासून.
सासवेचो पाट. बसायला सपाट, उठायला जागा नाही.
बोंबल्या. पोटात लाट शिरली की ओरडतो,
काळोखात त्याच्या आवाजावर सुकाणू धरतात.
दामल्याचो दात, त्याची गोष्ट बायकांसमोर सांगत नाहीत.
आणि हिशेब,
जिथे वह्या-खतं नेणारा पेढीवाल्याचा पडाव आपटून बुडाला
आणि तीन वाड्यांत त्या रात्री गोडाचं झालं.
यातलं एकही नाव छापील तक्त्यावर नाही.
तिथे नुसती फुली, आणि पाणी किती वाव.

बोट एका जागी अडखळलं, वर उचललं गेलं,
पुढच्या खडपावर टेकलं.
मी विचारलं, मधलं?
"ता सोड," ते म्हणाले.
त्याला नाव आहे. ते त्यांच्या मुलाचं आहे,
आणि तिथून जाताना सगळे गप्प होऊन
होडी चार वाव बाहेरून नेतात.

माझ्या पिशवीत एक अर्ज होता.
एका टोकाला अजून नाव नव्हतं,
मी मोजलेलं म्हणून सुचवण्याचा मान माझा.
रकाना सात: सुचवलेले नाव.
रकाना आठ: नावामागील कारण.
सातमध्ये मी लिहिलं, सुकती.
आठमध्ये, पाणी उतरल्यावर जे राहतं ते.

आठ महिन्यांनी समितीचं उत्तर आलं, फार सभ्य:
सदर स्थळ समुद्रापासून बरेच आत असून
तेथे भरती-ओहोटी होत नाही.
तरी खुलासा करावा.

खुलासा मी अजून केलेला नाही.

जूनअखेर होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या.
गुणाजी पडवीत जाळं विणत विचारतात,
"थंय आता रात?"
हो. अजून दोन-तीन आठवडे.
"सबंद?"
सबंद.
ते सुईत दोरा भरतात. एक आस, दुसरा आस.
"मगे ताका कोण बघता?"
मला उत्तर येत नाही.

गोष्ट गावभर झालीच आहे.
बर्फाच्या कारखान्यातला इनूस ट्रक थांबवून,
सुकटवाली शेवंती पाटी डोक्यावर ठेवूनच,
हाक मारून विचारतात,
"काय रे, तुझां ता कसां आसा?"

आसा, मी सांगतो. आसा थंयच.